बेदाणा शेडमधली तारेवरची गाडी

दाजींची बेदाण्याची शेड तासगाव तालुक्यात, सावळजच्या बाजूला आहे. यंदा मार्चमध्ये एका रविवारी तिकडे गेलो होतो. दाजी शेडच्या कडेला उभे राहून जाळीवरचे मणी चिमटीत दाबून बघत होते. कडेचे मणी चिवट झाले होते, आतले अजून पाणीदार होते.

"कडंचं आधी वाळतंय, मधलं मागं राहतंय. दरवर्षीचंच हाय."

भाची नववीत आहे. तिने विचारलं, "किती मागं राहतंय, पप्पा?"

"आत कोण शिरून बघणार?" दाजी म्हणाले.

संध्याकाळी निघताना ती माझ्या गाडीजवळ आली. "मामा, आत माणूस शिरत नाही. पण छोटी गाडी शिरेल की."

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी लहान रोबो करायचा नाद मला सात-आठ वर्षांपासून आहे, हे तिला माहीत होतं. ही गाडी कशाकशातून झाली आणि कुठे कुठे अडली, ते सगळं लिहितोय. नवीन मुलं सांगाड्यावर आणि प्रोग्रामवर जीव टाकतात आणि बॅटरी शेवटी मिळेल ती लावतात. मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. या गाडीने ती सवय मोडली.

शेड बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर प्लास्टिक कागद, बाजूंनी शेडनेट आणि आत जाळ्यांचे एकावर एक दहा-बारा थर. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. त्या पाण्याने सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि आतला ओलावा बाहेर पडायला लागतो. दोन थरांमध्ये जेमतेम फूटभर जागा असते. त्या फुटात, वरच्या जाळीला लागून चाळीस फूट तार ताणायची, तारेवरून एक लहान गाडी इकडून तिकडे जाईल आणि जाता जाता तापमान आणि हवेतली आर्द्रता टिपून ठेवेल, असं आमचं ठरलं. तार विकत आणायची गरज पडली नाही. द्राक्षाच्या मांडवाची उरलेली बारा गेजची जीआय तार दाजींच्या गोठ्यात वेटोळं करून पडलेलीच होती.

पहिला सांगाडा मी सनबोर्डचा केला. फ्लेक्सच्या दुकानात याची कात्रणं पडून असतात. कटरने कापता येतं, फेविक्विकने चिकटतं, वजन नसल्यासारखंच. घरात टेबलावर गाडी देखणी दिसली. दुपारी तासगावला जाताना ती मोटरसायकलच्या डिकीत होती. पोहोचल्यावर काढली तर मोटर बसवलेली बाजू मऊ पडून कलली होती आणि दोन्ही पुली एका रेषेत राहिल्या नव्हत्या. हे फोमचं पीव्हीसी उन्हाने तापलं की ढिलं पडतं. कागदाच्या छपराखालच्या शेडमध्ये ते टिकणार नव्हतं.

मग स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे किलोवर आणले. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियमचं वजन साधारण एक तृतीयांश भरतं आणि खिडकीच्या सेक्शनला आधीच खाचा आणि कडा असल्यामुळे पातळ असूनही तो वाकत नाही. हातकरवतीने कापला, रिव्हेट मारले, सांगाडा झाला. ज्याला छापील भाग करणारं थ्रीडी प्रिंटर मशीन परवडत नाही, त्याने खिडकीवाल्याशी ओळख ठेवावी. मोटर धरायला लाकडाचा ठोकळा हवा होता. तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणला. तिथे तुणच्या लाकडाचे लहान तुकडे उरतात. हे लाकूड हलकं आणि चांगलं मुरलेलं असतं. कडेला भोक पाडलं तरी चिरलं नाही.

पुल्या मात्र मी लेथवरच काढल्या. सुपरवायझरना विचारून, शिफ्ट संपल्यावर, नायलॉनच्या राउंड बारच्या उरलेल्या तुकड्यातून ४० मिलिमीटर व्यासाच्या दोन पुल्या टर्न केल्या आणि मध्ये खोल व्ही खाच दिली. नुसतं नायलॉन जीआय तारेवर घसरतं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक गोल चकती कापून ताणून खाचेत बसवली. एका पुलीला मोटर, दुसरी मोकळी. मोटर ती पिवळ्या प्लास्टिकची गिअरवाली, तिला बाजारात बीओ मोटर म्हणतात. सहा व्होल्टला मिनिटाला शंभर फेऱ्यांची घेतली. ४० मिलिमीटरची पुली एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे चाळीस फुटांना साधारण एक मिनिट. मोजमाप घ्यायला एवढा सावकाश वेग बराच म्हणायचा. दोन्ही टोकांना गाडी आपटली की उलटी फिरावी म्हणून बिघडलेल्या माऊसची बटणं काढून लावली. माऊसच्या आत जो टिक्‌टिक्‌ वाजणारा लहान स्विच असतो तो लाखो वेळा दाबायला बनवलेला असतो, आणि लोक तो माऊससकट फेकून देतात.

इथपर्यंत तीन रविवार गेले. बॅटरीचा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता.

पहिल्यांदा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. किटमध्ये येते ती. बटण दाबलं, मोटर एक पाव फेरा फिरली, प्रोग्रामप्रमाणे गाडी चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डावरचा दिवा विझला, परत लागला, परत मोटर हलली, परत विझला. भाचीला वाटलं प्रोग्राम चुकला. मी मीटर लावून तिला दाखवलं. मोटर बंद असताना ९.१ व्होल्ट, मोटर सुरू होताच साडेपाचच्या खाली. संपलेली बॅटरी आम्ही पक्कडने उघडली. आत दीड व्होल्टचे सहा बारके थर एकावर एक रचलेले निघाले. एवढ्याशा थरातून जास्त करंट ओढला की बॅटरीच्या आतला रोधच व्होल्टेज खाऊन टाकतो. स्मोक अलार्म किंवा मीटर अशा कमी करंटच्या कामाला ती ठीक आहे. मोटरला ती कधीच लावू नये. दुकानदार आजही मुलांना मोटरच्या किटबरोबर तीच देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मूल दोन दिवस झटतं, गाडी हलत नाही, आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून ते खोकं कपाटावर जातं.

दुसऱ्यांदा दाजींच्या चार्जिंग पंपाची बॅटरी काढली. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते, द्राक्षाच्या गावात घरटी एक तरी सापडेल. व्होल्टेज कमी करणारं छोटं मोड्यूल मध्ये टाकलं आणि गाडी जमिनीवर ताणलेल्या तारेवर अशी पळाली की भाचीने टाळ्या वाजवल्या. मग शेडमध्ये तारेवर चढवली. मध्यापर्यंत पोचेस्तोवर तारेने एवढी झोळ खाल्ली, की गाडीचं पोट खालच्या जाळीवरच्या बेदाण्याला टेकलं. किराणा दुकानातल्या काट्यावर गाडीसकट तीन किलोच्या जवळ भरलं, त्यातले अडीच किलो एकट्या बॅटरीचे. शिवाय पुढच्या टोकाकडे जाताना तार चढणीला लागते आणि चढण टोकापाशी सगळ्यात उभी. तिथे मोटर घरघरत उभी राहिली. मीटरमध्ये एरवीचे दोनशे मिलिअँपिअर होते, ते नऊशेवर गेले.

"ती बॅटरी सकाळी ढबूला फवाराय पाहिजे," दाजी म्हणाले. आम्ही ती काढून परत पंपात बसवली.

त्या रात्री सांगलीला परतताना माझ्या डोक्यात नुसतं वजन फिरत होतं. लेथवर आम्ही वजनाचा विचार फारसा करत नाही, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, यंत्राच्या चकमध्ये घट्ट धरलेला असतो. इथे बॅटरी जड की तार झोळ खाणार, झोळ खाल्ली की चढण, चढण आली की करंट जास्त, करंट जास्त की अजून मोठी बॅटरी. या चक्रातून सुटायचं तर आधी बॅटरी ठरवायची आणि मग तिच्या मापाने गाडी करायची. मी बरोबर उलटं केलं होतं.

हलकी आणि जोमाची म्हणजे लिथियम-आयन. नवीन सेल मागवायचा मोह झाला आणि मागवलेही. पुठ्ठ्यावर ९८०० मिलिअँपिअर-तास छापलेलं. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असतो, हे मला माहीत असूनही स्वस्तात मिळतायत म्हणून दोन घेतले. सोन्याच्या दुकानात मित्र आहे, त्याच्या काट्यावर ठेवले तर २८ ग्रॅम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आत काय असेल ते वजनानेच सांगितलं. ज्यांना मोजायची साधनं नाहीत त्यांनी निदान वजन तरी करून बघावं.

मग १०० फुटी रोडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडून लॅपटॉपची मेलेली बॅटरी घेतली. लॅपटॉपची बॅटरी 'मेली' म्हणजे बहुतेक वेळा तिच्यातली एखादी जोडी मेलेली असते, बाकीच्यांत जीव असतो. आत १८६५० मापाचे सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या. १८ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे लांबी.

ती उघडताना मी एक मोठी चूक केली, ती सांगतोच, कारण यात बोट किंवा घर जाऊ शकतं. प्लास्टिकचं कवच कडेने हळूहळू उचकटलं, तिथपर्यंत ठीक होतं. सेल एकमेकांना निकेलच्या पातळ पट्टीने जोडलेले असतात. ती पट्टी पक्कडने सोलून काढताना तिचं मोकळं टोक शेजारच्या जोडीवर पडलं आणि माझ्या डाव्या हाताच्या अंगठीला लागलं. क्षणात पट्टी लाल झाली. अंगठी इतकी तापली की काढेपर्यंत बोटाला गोल फोड आला. सेल लहान दिसतो, पण शॉर्ट झाला की दाबून ठेवलेला सगळा करंट एकदम सोडतो. तेव्हापासून अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवल्याशिवाय मी सेलला हात लावत नाही. एका वेळी एकच टोक उघडं ठेवतो, बाकीच्यांवर चिकटपट्टी. भाचीला या कामाच्या वेळी मी खोलीत येऊ दिलं नाही. वाचणाऱ्या मुलांना सांगतो, बॅटरी उघडायचं काम मोठ्या, जाणत्या माणसाकडून करून घ्या, नाहीतर सरळ चांगल्या दुकानातून होल्डरसह खरे सेल घ्या.

सहापैकी दोन ०.४ व्होल्टवर होते. इतक्या खाली पडून राहिलेला सेल परत चार्ज करायला जाऊ नये, आत तांबं विरघळून पुढे शॉर्ट व्हायची भीती असते. त्यांच्या टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले. उरलेले चार ३.२ ते ३.४ व्होल्टवर होते. त्यांना मार्करने नंबर घातले. टीपी ४०५६ नावाचं चार्जिंग मोड्यूल गणपती पेठेत सहज मिळतं. चार्ज होताना लाल दिवा, ४.२ व्होल्टला पोचला की दिव्याचा रंग बदलतो. शहाबादी फरशीवर ठेवून, समोर बसून, एकेक चार्ज केला. दोन नंबरचा हाताला गरम लागायला लागला, तो तिथेच बाजूला काढला. तीन राहिले. ते आठवडाभर नुसते ठेवले आणि परत मोजले. तिघेही ४.१ च्या वर होते.

क्षमता मोजायची पद्धत भाचीने वहीत लिहून घेतली. ३.९ ओहमचा दहा वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर सेलला जोडायचा, म्हणजे एक अँपिअरच्या थोडा आत करंट वाहतो. दर पाच मिनिटांनी व्होल्टेज लिहायचं आणि ३ व्होल्टला थांबायचं. एक नंबरला ९६ मिनिटं लागली, म्हणजे ढोबळ दीड अँपिअर-तास. तीन आणि चार नंबर त्याच्या आसपासच. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, तो पत्र्याच्या झाकणावर ठेवला होता. दीड तास दोघं समोरासमोर बसून आकडे लिहीत होतो. ती म्हणाली, "मामा, पहिली पाच मिनिटं पटकन पडलं, मग मध्ये हलतच नाही, आणि शेवटी एकदम कोसळतंय." लिथियमचा हा आलेख मी अनेकदा चित्रात बघितला होता. तिच्या अक्षरात तो पहिल्यांदा खरा वाटला.

हिशेब असा झाला. पंपाच्या बॅटरीत ९६ वॉट-तास, वजन अडीच किलो. मोटरसाठी घेतलेल्या माझ्या दोन सेलमध्ये ११ वॉट-तास, वजन ९० ग्रॅम. वजनामागे तिप्पट शक्ती. गाडीला अकराहून जास्त लागतही नव्हती.

पण बोर्ड चढणीवर अजूनही मध्येच बंद होत होता. दोन सेल मिळून ७.४ व्होल्ट, त्यातले दीड-दोन व्होल्ट, बोर्डाच्या सांगण्यावरून मोटर फिरवणारा एल २९८ हा ड्रायव्हर स्वतःच खातो. मोटरला साडेपाच मिळतात, ते पुरतात. मात्र मोटरने झटका मारला की त्याच रेषेवरचा बोर्ड उपाशी पडतो. म्हणून बोर्डाला वेगळा घास द्यायचं ठरवलं. घरातली जुनी पॉवर बँक लावली. गाडी तारेवर गेली, मध्यावर थांबून मोजमाप घ्यायला लागली, आणि अर्ध्या मिनिटात मेली. पॉवर बँकेत काही बिघाड नव्हता. करंट फारच कमी जायला लागला की फोन भरला असं समजून ती आपोआप बंद होते, आणि आमचा बोर्ड तर जेमतेम चिमूटभर करंट घेत होता. त्यात दोन रविवार गेले. शेवटी तिसऱ्या सेलला व्होल्टेज वाढवून पाच व्होल्ट देणारं साधं मोड्यूल जोडलं. त्याला असली हुशारी नसते, ते गप देत राहतं.

नवीन जोडणीत मोटर वेड्यासारखी मागे-पुढे व्हायला लागली, कारण मी दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या नव्हत्या. वेगळ्या बॅटऱ्या असल्या तरी ग्राउंड एकच पाहिजे, नाहीतर बोर्ड काय सांगतोय ते ड्रायव्हरला कळत नाही. मोटरच्या ठिणग्यांच्या गोंधळाने आर्द्रतेचा सेन्सर डीएचटी २२ मध्येच आकड्याऐवजी रिकामं उत्तर द्यायचा. मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा लहान सिरॅमिक कपॅसिटर डाग दिल्यावर ते थांबलं. सेल सर्वांत खाली लटकवले, त्यामुळे गाडीचं झुलणंही कमी झालं आणि पुली तारेवरून उतरेनाशी झाली. पूर्ण गाडी काट्यावर ६१० ग्रॅम. शेडमध्ये तार आता चार बोटंच झोळ खाते.

सेल भरायचा प्रश्न राहिला होता. शेतातल्या लाईनला वीज बऱ्याचदा रात्री असते आणि तेव्हा सेल समोर बसून कोण भरणार? शेडजवळ रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, तिला सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी. त्या बॅटरीला मोटरसायकलचा मोबाईल चार्जर जोडला, त्याच्या पाच व्होल्टवर दोन टीपी ४०५६. भर दुपारी, पॅनेल जोरात असताना, भाची शाळेतून आली की दोन सेल होल्डरमधून काढून भरायला लावते, मग तिसरा. तार झेलत नाही ती जड बॅटरी जमिनीवर तिजोरीसारखी बसून असते आणि गाडी खिशात लागेल तेवढेच पैसे घेऊन निघते. प्रोग्राममध्ये दोन सेल मिळून ६.२ व्होल्टच्या खाली गेले की गाडीने टोकाला जाऊन थांबायचं, हे घातलं आहे, कारण त्याहून खाली नेलं की सेल पुन्हा त्या दोन मेलेल्यांच्या रांगेत जातात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा रात्रभर चालली. दर अर्ध्या तासाला एक खेप. सकाळी मेमरी कार्ड काढून भाचीने आकडे कागदावर उतरवले आणि शेडच्या मापाचा लांबट चौकोन काढून त्यात भरले. पहाटे मधल्या पंधरा-सोळा फुटांत आर्द्रता दोन्ही टोकांपेक्षा ठळक जास्त होती. ऊन वर आल्यावर फरक कमी होत गेला, पण मधला भाग दुपारपर्यंत कडेला गाठत नव्हता. दाजी तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मधल्या टप्प्याला उगवतीकडची शेडनेट सकाळीच वर गुंडाळली तर?"

तीन दिवस त्यांनी तसं केलं आणि आम्ही मोजत राहिलो. चौथ्या दिवशी ढग आले, दाजींनी सगळीकडून प्लास्टिकचे पडदे खाली सोडले, आणि आम्ही तार सोडून गाडी घरी आणली. तीन दिवसांच्या आकड्यांवरून फरक पडला असं छातीठोक सांगता येणार नाही. पुढच्या हंगामात जाळ्या भरल्या त्या दिवसापासून तार बांधायची, असं भाचीने वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. तिच्या खालच्या ओळीत तिन्ही सेलचे नंबर आहेत. वर्षभर ते ३.८ व्होल्टच्या आसपास, गार जागी, टोकांना टेप लावून ठेवायचे आहेत. खरड छाटणीच्या गडबडीतून दाजी मोकळे झाले की त्याच ३.९ ओहमच्या रेझिस्टरवर पुन्हा मोजायचे आहेत. चार नंबरचा मला थोडा उतरल्यासारखा वाटतोय.